पाय वर घेऊन बसा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही घरातला जुना सोफा उघडला. ‘उघडला’ हा शब्द माझा नाही; कापड बदलायला आलेल्या कारागिराचा आहे. “ताई, आधी उघडून बघू, मग बोलू,” असे म्हणून त्याने सोफा पालथा घातला, तळाचे काळे कापड टराटरा ओढून काढले, आणि ज्या वस्तूवर मी लहानपणापासून बसत आले तिच्या पोटात काय आहे ते मला पहिल्यांदाच दिसले. सागवानी चौकटीवर उभ्या-आडव्या विणून ठोकलेल्या तागाच्या पट्ट्या होत्या, त्या पट्ट्यांवर टाचलेल्या आणि सुतळीने एकमेकींना बांधलेल्या स्प्रिंगा होत्या, त्यांवर तरट, तरटावर काथ्याचा थर, काथ्यावर कापूस, आणि सर्वांत वर, मधल्या कुठल्याशा दुरुस्तीत घातलेला फोम, जो बोट लागताच पिवळा भुगा होऊन गळाला. कारागिराने तळहाताने एक स्प्रिंग दाबून पाहिली, समाधानाने मान डोलावली आणि फोमकडे पाहून नुसते तोंड वाकडे केले.

हा सोफा वडिलांनी १९८१ साली पुण्यात एका सुताराकडून करून घेतला. त्याआधी आमच्या बाहेरच्या खोलीत बैठक होती. भिंतीला लागून जाड गादी, तिच्यावर पांढरी चादर, पाठीला दोन लोड आणि कोपऱ्यात एक तक्क्या, एवढाच तिचा सरंजाम. आलेला माणूस चपला दाराशी काढून थेट गादीवर येई, मांडी घाली आणि बोलू लागे. त्याला आरामात बसायला सांगण्याची कुणाला गरज पडत नसे. सोफा आला आणि ती गरज निर्माण झाली. “असे अवघडून काय बसलात, पाय वर घेऊन बसा,” हे वाक्य मी आईच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. पाय खाली सोडून बसण्यासाठी पैसे मोजून वस्तू करून घ्यायची आणि मग पाहुण्याला तिच्यावर पाय वर घ्यायचा आग्रह करायचा, यातली गंमत तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नव्हती.

आजोबांच्या लक्षात बहुधा आली होती. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या घरी चौकाला लागून सोपा होता: जोत्याएवढा उंच, पुढून मोकळा, लाकडी खांबांवर तोललेला. त्यात घोंगडे अंथरले की बैठक, रात्री वाकळ टाकली की झोपायची जागा, सुगीत धान्याची पोती लावली की कोठार. पुण्याच्या घरी नवी वस्तू आल्यावर ते तिलाही ‘सोपा’च म्हणू लागले आणि आम्ही भावंडे तोंडावर हात ठेवून हसू लागलो. आता वाटते की हसण्याजोगे अज्ञान आमचे होते. सोफा या शब्दाच्या मुळाशी अरबीतला ‘सुफ्फा’ आहे, आणि सुफ्फा म्हणजे आसन नव्हे, तर बसण्याउठण्यासाठी केलेला ओटा. मदिनेतल्या प्रेषितांच्या मशिदीत असा छपराखालचा एक सुफ्फा होता आणि ज्यांना घरदार नव्हते असे गरीब अनुयायी तिथे राहत. इस्लामच्या इतिहासात त्यांना ‘अस्हाब अस्-सुफ्फा’, म्हणजे ओट्यावरची मंडळी, म्हणून मान आहे. तुर्कीत हाच शब्द ‘सोफा’ झाला आणि तिथेही तो घराचाच भाग राहिला. ज्या मोठ्या सामायिक दालनात सगळ्या खोल्यांची दारे उघडतात ते दालन म्हणजे सोफा. सेदाद हाक्की एल्देम या तुर्की वास्तुतज्ज्ञाने जुन्या घरांची वर्गवारी केली ती सोफा बाहेर आहे, आत आहे की मधोमध आहे यावरूनच. आजोबांना हे काही ठाऊक नव्हते, पण त्यांच्या जिभेने दोन्ही शब्द एका घरचे ठरवून टाकले होते, आणि मला ते पटते.

गोव्यात गेले की ही सोयरीक आणखी स्पष्ट होते. तिथल्या जुन्या घरांच्या दारापुढे दोन्ही अंगांना बांधून काढलेली बाके असतात, त्यांना ‘सोपो’ म्हणतात. संध्याकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी गप्पा तिथेच चालतात. आणि बाजारात माल मांडून बसणाऱ्या विक्रेत्यांकडून जी वसुली होते तिचे नाव ‘सोपो कर’. म्हणजे बसायच्या जागेचे भाडे. भाजीचे वाटे मांडून जमिनीवर बसलेली बाई आणि बड्या दुकानातला कातडी सोफा हे एकाच शब्दाच्या दोन टोकांना बसलेले आहेत, असा विचार म्हापशाच्या बाजारात माझ्या मनात आला आणि मी उगाच खूश झाले.

जागेची वस्तू केली ती युरोपाने. सतराव्या शतकात तुर्की दरबाराच्या आणि घरांच्या वर्णनांबरोबर हा शब्द तिकडे पोचला तेव्हा त्याचा अर्थ गालिचे-उशा घातलेला उंचवटा असाच होता; पुढच्या शंभर वर्षांत त्या उंचवट्याला पाय फुटले, पाठ आली, हात आले, आणि तो भिंतीपासून सुटा होऊन खोलीत हिंडू लागला. शब्दांच्या या देवाणघेवाणीत एक मजा आहे. तुर्क लोक आज या वस्तूला सोफा म्हणत नाहीत, ‘कानेपे’ म्हणतात, आणि तो शब्द त्यांनी फ्रेंचांच्या ‘कानापे’वरून घेतला. कानापेच्या मुळाशी ग्रीकांचा डास आहे. डासाला ‘कोनोप्स’, म्हणून मच्छरदाणी लावलेल्या पलंगाला ‘कोनोपेयोन’. दोघांनी एकमेकांचे शब्द उचलले आणि दोघांनाही वाटते की आपण काहीतरी परदेशी, उंची वस्तू घरात आणली. आपणही यात मागे नाही. सोफ्यापुढे ठेवतो त्या बुटक्या टेबलाला मराठी माणूस अगदी साहेबी उच्चारात ‘टीपॉय’ म्हणतो, तो मुळात आपलाच तीन पायांचा ‘तिपाई’ आहे; इंग्रजांनी नेला, त्यात चहाचा भास करून घेतला आणि परत दिला. खाटेची ‘कॉट’ होऊन आली ती अशीच. दिवाणाचे तर विचारूच नये. फारसीत दिवाण म्हणजे हिशेबाची वही, मग ती ठेवणारे खाते, मग ते खाते चालवणारा अधिकारी, मग तो जिथे बसतो ती सभा. त्या सभेतल्या भिंतीलगतच्या बैठकीला युरोपने दिवाण म्हटले. आपल्याकडे त्यातून दिवाणजी, दिवाणखाना आणि दिवाणी न्यायालय निघाले, आणि आता गाद्या-गोधड्या कोंबायची पेटी असलेला पलंगही दिवाणच आहे.

पण शब्दांपेक्षा मला अधिक विचार करायला लावते ते हे की, जागा आणि वस्तू यांत बसणाऱ्या देहाच्या दृष्टीने फरक काय पडतो. ओट्यावर माणूस कसाही बसतो, कुठेही सरकतो, दहावा आला तर नऊ जण थोडे आवळून घेतात. वस्तू मात्र आपला आकार शरीरावर लादते; किती जणांनी बसायचे, तोंड कुठे करायचे, पाठ किती कलवायची हे ती आधीच ठरवून टाकते. शिवाय वस्तू मोजता येते, आणि जे मोजता येते ते मानाप्रमाणे वाटताही येते. मध्ययुगीन युरोपात बहुतेकांच्या वाट्याला बाक किंवा पेटारा येई. हाताची खुर्ची घरच्या कर्त्याची. चौदाव्या लुईच्या व्हर्सायमध्ये या प्रकाराला शास्त्राचे रूप आले. हातांची खुर्ची, नुसत्या पाठीची खुर्ची आणि पाठ-हात काहीच नसलेले ‘ताबुरे’ नावाचे स्टूल, अशी उतरंड होती. राजाराणीसमोर ताबुरेवर बसण्याचा हक्क डचेसच्या दर्जाच्या स्त्रियांना होता आणि बाकीच्यांनी तासन्‌तास उभे राहायचे. बिनपाठीच्या एका स्टुलासाठी त्या दरबारात रुसवेफुगवे आणि कारस्थाने चालत, हे वाचून हसू येते.

हसू येते, आणि मग मला आमची बाहेरची खोली आठवते. सोफा आला त्या वर्षी आजी साठीची होती. वडील, काका, त्यांचे मित्र सोफ्यावर बसत. आई पाहुण्यांना पाणी देऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहून बोले, आणि आजी आतल्या दाराशी जमिनीवर, एक गुडघा उभा करून, गप्पांत भाग घेत असे. तिला वर बसायला कुणी मज्जाव केला नव्हता. सोफा केला तेव्हा तो घरातल्या सर्वांसाठी आहे असेच सगळे म्हणाले. तरीही सासुरवास काढलेल्या त्या बाईला सासऱ्याच्या फोटोसमोर, मुलग्यांच्या बरोबरीने, पाय सोडून उंचावर बसणे जमले नाही. बैठक होती तोवर ती निदान गादीच्या टोकावर टेकत असे, कारण गादी आणि जमीन यांत चार बोटांचेच अंतर होते. सोफ्याने ते सोळा इंच केले.

ते अंतर शेवटी कापले ते अस्थिरोगतज्ज्ञाने. सत्तरीत गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी आजीला जमिनीवर बसायला बंदी घातली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती सोफ्याच्या खिडकीकडच्या टोकाला विराजमान झाली ती अखेरपर्यंत. विल्यम कूपर या इंग्रज कवीला त्याच्या एका मैत्रिणीने निर्यमक पद्य लिहायला सांगितले, आणि विषय काय घेऊ असे विचारल्यावर ‘सोफ्यावर लिही’ म्हणाली. १७८५ साली छापून आलेल्या त्या दीर्घकाव्याच्या आरंभी तीन पायांच्या स्टुलापासून खुर्ची आणि बाकापर्यंतची वाटचाल सांगून कवी सोफ्याशी येतो, आणि लगेच म्हणतो की गाउटने दुखणाऱ्या पायाला सोफा खरा, पण मला तो पाय न मिळो, मला रानवाटेने चालायला आवडते. कूपरला दुखऱ्या पायांचे आसन म्हणून सोफा नको होता. आमच्या आजीला तो दुखऱ्या पायांमुळेच मिळाला.

एक मात्र सोफ्याच्या बाजूने कबूल केले पाहिजे. खुर्ची माणसाला एकटे करते, सोफा करत नाही. मध्ये हात नसलेल्या आसनावर दोघे-तिघे एकाच उंचीवर, खांद्याला खांदा लावून बसतात आणि त्यात मानाची उतरंड दाखवायला जागाच उरत नाही. केंट परगण्यातल्या नोल या वाड्यात सतराव्या शतकातला जो सोफा जपून ठेवला आहे, त्याची पाठ अजून सिंहासनासारखी उंच आणि ताठ आहे; पण त्याचे दोन्ही हात बिजागरीवर खाली पाडता येतात आणि पुन्हा वर करता येतात, म्हणजे दरबारीपण सैल करण्याची सोय त्यातच करून ठेवलेली आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पाठी बुटक्या झाल्या, कडा गोलावल्या, बैठक खोल झाली आणि माणसे चारचौघांत रेलू लागली. तेव्हाच्या नीतिवाद्यांना या आसनाचा संशय येई, तो अगदीच निराधार नव्हता. ‘कोच’ या शब्दाचा फ्रेंच धातूच मुळी आडवे होण्याचा आहे.

आता पुन्हा कारागिराने उघडलेल्या पोटाकडे येते, कारण सोफ्याचे खरे स्थित्यंतर कापडाखाली झाले. १८२२ साली व्हिएन्नाच्या गेओर्ग युनिग्लने गादीकामात लोखंडी स्प्रिंगा वापरण्याचे पेटंट घेतले. त्याआधी मऊपणा म्हणजे नुसता भराव होता, आणि चांगला भराव म्हणजे घोड्याच्या आयाळीचे व शेपटीचे केस. स्प्रिंगा आल्यावर त्यांची उंची सामावण्यासाठी सोफे फुगले, जाडजूड झाले, आणि भराव जागचा हलू नये म्हणून तो आरपार दोऱ्याने ओढून बटणांनी जखडावा लागला. चेस्टरफिल्ड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोफ्याच्या अंगावर जे खोल खळगे दिसतात, त्यांचे कूळ या जखडण्यात आहे. आज फोमच्या एकसंध ठोकळ्यात हलण्यासारखे काहीच नसते, तरी बटणे राहिली आहेत. नदी आटली तरी पूल उभा असावा तशी. स्प्रिंगांचा भार पेलायला खाली तागाच्या पट्ट्या आणि वर तरट आले. एकोणिसाव्या शतकात बंगालचा ताग स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत जाऊन विणला जाई, आणि १८५५ पासून कलकत्त्याजवळ हुगळीकाठीही गिरण्या उभ्या राहिल्या. इंग्रजांच्या दिवाणखान्यातले ऐसपैस बसणे खालून कुणी तोलून धरले होते, हे सोफा पालथा घातल्याशिवाय दिसत नाही. आमच्या सुताराने घोड्याच्या केसांऐवजी नारळाचा काथ्या घातला आणि त्यात काही बिघडले नाही.

याच व्हिएन्नात पुढे, १८९० च्या सुमारास, एका रुग्ण स्त्रीने सिग्मंड फ्रॉइडला एक कोच भेट दिला. तो आज लंडनमधल्या त्याच्या घरातल्या संग्रहालयात आहे आणि त्याच्यावर इराणी गालिचा व उशांचा ढीग आहे. व्हिएन्नाच्या कोचावर पुन्हा गालिचा आणि उशा आल्या म्हणजे सुफ्फ्याचा ओटाच परत आला, असे मला त्याचे छायाचित्र पाहताना वाटते. फरक इतकाच की ओट्यावर लोक समोरासमोर बोलत, आणि इथे ऐकणारा मुद्दाम पाठीमागे, नजरेआड बसे. तासन्‌तास कुणी आपल्याकडे टक लावून पाहिलेले फ्रॉइडला सोसत नसे.

विसाव्या शतकाने आधी सोफ्याचा सांगाडा बाहेर काढला आणि मग तो नाहीसाच केला. १९२८ मध्ये ल कॉर्ब्युझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरिआं या पॅरिसमधल्या रचनाकारांनी पोलादी नळ्यांचा पिंजरा बाहेर ठेवून त्यात सुट्या गाद्या बसवल्या. (हेच जानरे पुढे चंडीगडला आले. त्यांच्या तिथल्या साग-वेताच्या खुर्च्या सरकारी कचेऱ्यांच्या अडगळीत पडल्या होत्या आणि आता परदेशी लिलावांत प्रचंड भावाने जातात; अडगळीचे मोल कळायला आपल्याला नेहमी लिलाव लागतो.) १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन शोधले, १९५० च्या दशकात त्याचा लवचीक फोम बाजारात आला, आणि पट्ट्या, स्प्रिंगा, काथ्या, केस ही सगळी मंडळी एका ठोकळ्यापुढे निष्प्रभ झाली. सोफा स्वस्त झाला, हलका झाला, कोणत्याही आकारात कापता येऊ लागला. तो पेटूही लागला. १९७९ मध्ये मँचेस्टरमधल्या एका मोठ्या दुकानात फोमच्या फर्निचरला आग लागून दहा माणसे गेली, आणि १९८८ मध्ये ब्रिटनने घरगुती फर्निचरच्या ज्वलनशीलतेबद्दल कडक नियम केले. आपल्याकडे सोफा घेताना रंग, डाग आणि ‘किती डेन्सिटी’ एवढेच विचारले जाते. बत्तीस की चाळीस, यावर घासाघीस होते. तो पेट घेतो कसा हे कुणी विचारत नाही, मीही विचारले नव्हते.

फोमने आणखी एक गोष्ट केली, जी मला सर्वांत रंजक वाटते: त्याने सोफ्याला परत जमिनीवर आणले. १९७३ मध्ये मिशेल द्युकारोआ याने ‘तोगो’ नावाचा सोफा काढला, ज्यात लाकडाची चौकटच नाही. सुरकुत्यांचा, जमिनीला चिकटून बसलेला, गुंडाळलेल्या गादीसारखा तो आकार पाहून माझ्या आजीने त्याला बिनदिक्कत गादीच म्हटले असते. त्याच्याही आधी, १९५७ साली, अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी ईरो सारिनेन याने बांधलेल्या घरात बैठकीच्या खोलीची जमीनच चौकोनी खड्ड्यासारखी खाली घेतली आणि कडेने गाद्या-उशा मांडल्या. त्यांची कापडे अलेक्झांडर जिरार्ड याने हिवाळ्याला वेगळी, उन्हाळ्याला वेगळी केली होती. तीनशे वर्षे फिरून सोफा पुन्हा घराचा भाग झाला, वस्तू उरला नाही. फक्त ओटा वर होता, हा खाली गेला.

आमचा सोफा मात्र पक्का वस्तूच होता, हे आम्हाला घर बदलताना कळले. नव्या इमारतीच्या जिन्याच्या वळणावर तो असा अडकला की वर जाईना आणि खाली येईना. चार माणसे, प्रत्येकाचा वेगळा सल्ला, आणि वरच्या मजल्यावरून वाकून पाहणारे नवे शेजारी, असा आमचा गृहप्रवेश झाला. काटकोनात वळणाऱ्या, एक एकक रुंदीच्या बोळातून नेता येईल असा जास्तीत जास्त क्षेत्रफळाचा आकार कोणता, हा प्रश्न लिओ मोझर या गणितज्ञाने १९६६ मध्ये मांडला आणि गणितात तो ‘सोफ्याचा प्रश्न’ म्हणूनच ओळखला जातो. १९९२ मध्ये जोसेफ गर्व्हरने अठरा तुकड्यांच्या वक्ररेषेने बनलेला, सुमारे २.२१९५ क्षेत्रफळाचा आकार दिला, आणि याहून मोठा शक्य नाही याची सिद्धता बेक जिन-ऑन या कोरियन गणितज्ञाने २०२४ च्या अखेरीस मांडली. तो आकार जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा दिसतो आणि त्यावर धड बसता येणार नाही. आमच्या हमालांनी पाय उसकटून, सोफा उभा करून, पाच मिनिटांत सुटका केली. गणितातला सोफा सपाट असतो, त्याला उभा करता येत नाही.

त्या नव्या घरात दूरदर्शनसंच समोरच्या भिंतीला आला आणि सोफ्याची दिशा कायमची ठरली. एकमेकांकडे तोंड करून बसणारी माणसे एका ओळीत, एकाच दिशेला बघत बसू लागली. ‘थ्री प्लस वन प्लस वन’ हा जो संच दुकानदार खपवतात, त्यातल्या तिघांच्या सोफ्यावर तिसरा माणूस नाइलाजानेच बसतो, हे प्रत्येक घरात दिसते. दोघे दोन टोके धरतात आणि मधली जागा वर्तमानपत्राला जाते. आता इंग्रजी एलच्या आकाराचे सोफे आले आहेत. त्यांची बैठक इतकी खोल असते की पाठ टेकली तर पाय जमिनीला पोचत नाहीत. मग आपण काय करतो? सरळ मांडी घालतो. भाचीच्या घरी असा सोफा आहे. परवा तिथे आठ जण जमलो तेव्हा तिघे त्यावर मांडी घालून होते आणि पाच जण सतरंजीवर, सोफ्याला पाठ टेकून. एवढ्या किमतीच्या त्या वस्तूचा उपयोग लोड म्हणून चालला होता, आणि सगळे मजेत होते.

आमच्या सोफ्याचे काम चार दिवस चालले. जुन्या स्प्रिंगा कारागिराने तशाच ठेवल्या, पट्ट्या नव्या ताणल्या, काथ्या झटकून परत भरला, वर फोमचा पातळ थर घातला. तो जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्यात कापडाचे टोक धरून शिवत होता आणि मी पलीकडे स्टुलावर बसून पाहत होते. शेवटच्या दिवशी चहा घेऊन मी स्टुलावरून उठले तेव्हा त्याने सुई थांबवून माझ्याकडे पाहिले. उठताना मी एक हात गुडघ्यावर आणि एक भिंतीवर ठेवला होता, हे मला त्याच्या नजरेमुळे कळले.

“पाय बदलतोच आहे, तर उंची दोन इंच वाढवू का, ताई?” त्याने विचारले.

मी नको म्हणाले. तो काही न बोलता पुन्हा शिवू लागला. चहाचा कप स्वयंपाकघरात ठेवून मी परत आले आणि त्याला म्हणाले, “एक इंच वाढवा.”